सहा वाजताचा डबा आणि रात्रीची झोप

मागच्या वर्षी गुढीपाडव्याला मी आहार आणि व्यायाम यांचा जो नेम सुरू केला, त्यामागे झोप सुधारण्याचा हेतू मुळीच नव्हता. फेब्रुवारीत कार्यालयातर्फे झालेल्या वार्षिक तपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ टक्के निघाले होते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा मानतात. म्हणजे मधुमेह अजून दारात आलेला नव्हता, पण गल्लीच्या तोंडाशी उभा राहून घराचा पत्ता विचारत होता. वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ७४ किलो. वजन उतरवा, चालायला लागा, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. झोपेविषयी त्यांनी विचारले नाही आणि मीही काही बोलले नाही, कारण रात्री बाराला पाठ टेकायची, तीनला जाग यायची, घशाशी आंबट यायचे आणि पाच वाजून दहा मिनिटांचा गजर होईपर्यंत कूस बदलत राहायचे, यात तक्रार करण्यासारखे काही असते हेच मला ठाऊक नव्हते. डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणाऱ्या बाईची झोप अशीच असायची, असा माझा समज होता.

कार्यालयात त्या सुमारास निम्मे लोक दोन वेळच्या जेवणाचा नेम पाळत होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेला हा नेम सुटसुटीत आहे: कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच दोन वेळांना जेवायचे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवायचे आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. मला त्यात आवडले ते हे की काही मोजावे लागत नाही. उष्मांकांची गणिते मांडत बसणे मला जमले नसते. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवण्यात जाते, जेवताना तरी ते नकोत.

पहिल्या तीन आठवड्यांत माझे वजन दोन किलोंनी उतरले आणि झोपेचे मात्र पार वाटोळे झाले. दोष त्या पद्धतीचा नव्हता, मी ती माझ्या वेळापत्रकात जशी कोंबली होती त्याचा होता. सकाळी सव्वासातची लोकल गाठायची म्हणजे चालायला वेळ पहाटेचाच, म्हणून गजर पाच दहावरून सव्वाचारवर आणला. जेवणे दुपारी पाऊण वाजता आणि रात्री साडेनऊला, कारण संध्याकाळी साडेसहाला निघून घरी यायला आठ-सव्वाआठ होत आणि मग स्वयंपाक. पाऊण ते साडेनऊ हे जवळजवळ नऊ तासांचे अंतर. त्यात जेवणांच्या मधे बिनसाखरेचा कोरा चहा चालतो असे कळल्यावर ती सवलत मी अशी काही वापरली की दिवसाला तीन कप चहा पिणारी मी सहा कपांवर गेले. साडेपाचला पोटात कावळे ओरडू लागले की एक कप आणि घरी आल्यावर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आणखी एक. मग साडेनऊला पान वाढले की दिवसभराचा उपास सोडल्यासारखे जेवायचे आणि सकाळी लवकर उठायचे म्हणून अकराला आडवे व्हायचे.

पूर्वी निदान पाठ टेकताच डोळा लागे. आता एक वाजला तरी लागेना. वर पहाटे सव्वाचारचा गजर. लोक म्हणत, चेहरा उतरला म्हणजे डाएट लागू पडतंय. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी परतीच्या बदलापूर लोकलमध्ये मला चौथी सीट मिळाली आणि ठाणे गेल्यानंतरचे काही आठवत नाही. जाग आली तेव्हा अंबरनाथ होते. उलट दिशेची गाडी पकडून मी घरी पोहोचले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि त्याच आठवड्यात एका विवरणपत्रात मी दोन आकड्यांची अदलाबदल केल्याचे माझ्या हाताखालच्या मुलीने दाखवून दिले. वीस वर्षांत अशी चूक माझ्याकडून झाली नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा झोप ही नोंद ठेवण्याची गोष्ट मानली.

दोनशे पानी वहीत पाच रकाने आखले: दिवा किती वाजता घालवला, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, जाग किती वेळा आली, सकाळी उठल्यावर पाचपैकी किती गुण आणि आदल्या दिवशी काय खाल्ले-प्यायले. लेकीने तिचे घड्याळही मनगटावर चढवले. ते रोज सकाळी गाढ झोप इतकी, हलकी झोप इतकी, असे मिनिटांपर्यंत सांगे. दोन आठवड्यांनी मी ते परत केले, कारण ज्या रात्री मी अडीच ते चार छताकडे पाहत निश्चल पडले होते ती वेळही त्याने माझ्या झोपेत जमा धरली होती. मनगटावरचे यंत्र हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते. झोपेचे टप्पे खरे कळतात ते डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपल्यावर. वहीला निदान माझे जागेपण माहीत होते.

वहीच्या पहिल्या बारा ओळी वाचताच चहा पकडला गेला. दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याच्या भाराने झोप येते. कॅफीन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसते. रक्तातले निम्मे कॅफीन उतरायला सर्वसाधारणपणे पाच तास लागतात, म्हणजे साडेपाचच्या चहाचा अर्धा भाग रात्री साडेदहाला आणि पाव भाग पहाटे साडेतीनला माझ्या अंगात हजर. हे गणित मांडल्यावर मी दुपारी दोननंतरचा चहा बंद केला. तीन दिवस कपाळ असे ठणकले की कार्यालयातल्या मावशी, ज्या मला न मागता कप आणून देत, त्या म्हणाल्या, “मॅडम, घ्या हो अर्धा, कोण बघतंय?” चौथ्या दिवशी डोके उतरले. दहा-बारा दिवसांनी वहीतला दुसरा रकाना पन्नास-साठ मिनिटांवरून वीस-पंचवीस मिनिटांवर आला. तीनची जाग मात्र होती तिथेच होती, घशातल्या आंबटासकट.

ती गेली दुसऱ्या डब्याने. कल्पना माझी नव्हे, यजमानांची. ते एका रविवारी म्हणाले, “भूक सहाला लागते ना? मग सहालाच जेव की. घरी यायचीच वाट का बघायची?” उत्तर इतके सोपे होते की मला त्याचा रागच आला. रात्रीचे जेवण घरी, सगळ्यांबरोबर, हे माझ्या डोक्यात इतके पक्के होते की जेवणाची वेळ आणि घराचा उंबरठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला सुचलेच नव्हते. मे महिन्यापासून मी दोन डबे नेऊ लागले. पहिला पूर्वीसारखाच. दुसरा तीन पुडांचा: तळाच्या पुडात मुगाची किंवा मटकीची उसळ, मधल्यात पालेभाजी किंवा काकडीची कोशिंबीर, वरच्यात ज्वारीची दीड भाकरी. सकाळी सहाला केलेली भाकरी संध्याकाळी सहाला खायची म्हणजे ती पापडासारखी होणार, हे पहिल्या दोन दिवसांत कळले. मायक्रोवेव्हमध्ये ती आधी चामड्यासारखी होते आणि निवली की लाकडासारखी. मग सासूबाईंनी उकडीची भाकरी करायला सांगितले: पाणी उकळून त्यात चवीपुरते मीठ घालायचे, ज्वारीचे पीठ घालून उलथन्याच्या टोकाने ढवळायचे, झाकण ठेवून वाफ आणायची आणि हाताला सोसेल इतके गरम असतानाच मळायचे. भाजून झाली की जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, वाफ गेल्यावरच डब्यात. अशी भाकरी बारा तासांनीही तुकडा मोडताना वळते, तुटत नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी, दिवसाचे काम मिटल्यावर, पँट्रीच्या खिडकीशी बसून मी जेवत असे. पहिला आठवडा चोरी केल्यासारखे वाटले. पण जेवण आणि निजणे यांच्यात आता चार तासांचे अंतर पडले होते आणि त्यातला बराच वेळ मी लोकलमध्ये उभी असे. भरल्या पोटी आडवे झाले की जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढायला मोकळे होते; उभ्या माणसात ते गुरुत्वाकर्षणाने खाली राहते. तिसऱ्या आठवड्याच्या नोंदीत ‘घशाशी आले’ हे शब्द एकदाच आहेत आणि त्या रात्री शेजारच्या बारशाला जाऊन मी साडेनऊला बटाटेवडे खाल्ले होते. अनेक वर्षे सकाळी अनशापोटी घेतलेली आम्लपित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून जूनमध्ये सुटली.

घरात मात्र याने थोडी कुरबूर झाली. सासूबाईंना मी रात्री जेवत नाही हे सहन होईना. “जेवत नाहीस तर निदान पानाशी बस,” असे त्या एकदा म्हणाल्या आणि त्यात जितका राग होता तितकीच विनवणीही होती. तेव्हापासून नऊला मी त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसते, वाढते, गप्पा मारते. पहिले काही दिवस वरणभातावरच्या तुपाच्या वासाने जीव कासावीस होई. नंतर नाही.

चालण्याची वेळही बदलली. पहाटे सव्वाचारला उठून मी जे पंचेचाळीस मिनिटे चालत होते, त्याची किंमत झोपेतून जात होती. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात सर्वांत दाट असते, ती मी रोज कापून टाकत होते. त्या दोन महिन्यांत मला एकही स्वप्न आठवत नाही. स्टेशन आमच्या घरापासून अडीच किलोमीटर आहे आणि पंधरा वर्षे मी ते अंतर शेअर रिक्षाने कापत आले. आता जाताना आणि येताना दोन्ही वेळा पायी जाऊ लागले. रोजचे पाच किलोमीटर झाले आणि गजर पुन्हा पाच दहावर आला. रात्री व्यायाम केला तर झोप उडते, असे मला चार जणांनी ऐकवले. अंथरुणावर पडण्याआधी तासाभरात धाप लागेपर्यंत दमणूक केली तर तसे होते. आठला उतरून पावणेनऊला घरी पोचणाऱ्या आणि सव्वादहाला निजणाऱ्या बाईला ते लागू नव्हते. झाले ते उलटेच. चालल्याने अंग तापते आणि नंतर हळूहळू निवते, आणि शरीराचे तापमान उतरू लागणे ही झोप येण्याची एक खूणच आहे. घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ करण्याची सवयही इथे उपयोगी पडली, कारण तिने हातापायांच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. माझी आजी रात्री पायांना तेल लावून गरम पाण्यात पाय सोडून बसायची; ती हे सारे कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय करत होती.

जूनअखेर सकाळचे गुण पाचपैकी चारवर स्थिरावले आणि मी ही गोष्ट संपली असे धरून चालले. जुलैत पावसाने रस्ते आणि माझा नेम दोन्ही उखडले. स्टेशनबाहेर गुडघाभर पाणी असेल तर मी इमारतीच्या जिन्यात चढउतार करत असे, कधी तेही नाही. पण झोप मोडली ती त्याने नव्हे. अंथरुणावर पडले की पोटऱ्यांत आतून कुणी दोरा ओढत आहे असे वाटू लागले. दुखणे नव्हे, मुंग्याही नव्हेत. पाय हलवला की क्षणभर बरे आणि थांबवला की पुन्हा तेच. उठून हॉलमध्ये फेऱ्या माराव्यात तर पूर्ण आराम, पडले की परत. मला वाटले, चालणे फार होत आहे. यजमानांना वाटले, खाणे कमी होत आहे. दोघेही थोडेथोडे बरोबर होतो.

डॉक्टरांनी ऐकताक्षणी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन ११.२ आणि फेरीटिन १६. फेरीटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. अहवालाच्या कागदावर १६ हा आकडा ‘सामान्य’ रकान्यातच बसत होता, त्यामुळे मी एकटीने वाचला असता तर कागद कपाटात गेला असता. डॉक्टर म्हणाल्या, पायांची अशी चुळबुळ असेल तर हा साठा ७५च्या वर न्यावा लागतो, रकाना काहीही म्हणो. या तक्रारीला ‘रेस्टलेस लेग्ज’ म्हणतात आणि लोहाची कमतरता हे तिचे एक नेहमीचे कारण आहे. पाळी जाण्याच्या वयात रक्तस्राव वाढलेला, जेवणे दोनच, आणि त्यातल्या दुपारच्या जेवणाला लागूनच माझा दिवसातला शेवटचा, राखून ठेवलेला चहा. चहातले घटक अन्नातले लोह शोषू देत नाहीत. दोनच्या आत चहा उरकायचा या नियमाचे मी जे पालन करत होते, त्यानेच पाय ओढले जात होते असे म्हटले तरी चालेल. चहा सकाळी अकराला नेला. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबाच्या पाण्याबरोबर. डब्यात अळीव, हिरवा माठ आणि मोड आलेल्या कडधान्यांवर पिळायला लिंबाची फोड आली. पाय शांत व्हायला गणपती उलटून नवरात्र उजाडले, म्हणजे सव्वादोन महिने. त्या काळात वहीत इतक्या रात्री ‘जागरण’ लिहिले आहे की आधीच्या तीन महिन्यांची कमाई पुसली गेली असे वाटावे. हे सांगण्याचे कारण एवढेच की व्यायाम चालू केल्यावर पायांना काही झाले की आपण ते व्यायामाच्या नावावर मांडून मोकळे होतो.

नवरात्राच्या नऊ दिवसांत मी स्वतःच्या हाताने आणखी एक प्रयोग बिघडवला. उपास म्हणजे हलके खाणे, असे कोणी कितीही म्हणो, आमच्याकडे तो ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीला जागणारा असतो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी आणि तेही आरतीनंतर, रात्री नऊला. नऊपैकी सहा रात्री तीनची जाग परत आली. दहाव्या दिवशी दसऱ्याचे श्रीखंड दुपारी जेवले आणि संध्याकाळी काही घेतले नाही, तर सलग सहा तास झोपले.

सहा महिन्यांनीची तपासणी ऑक्टोबरात झाली. वजन ६७.५ आणि एचबीए१सी ५.८. डॉक्टर खूश झाल्या. मी वही पुढे केली तेव्हा त्या हसल्या, पण त्यांनी ती शेवटपर्यंत चाळली. पूर्वी सरासरी पाच तासांच्या आसपास असलेली झोप सहा तास वीस मिनिटांवर आली होती. आठ तास झोपा, असे सांगणाऱ्यांना मी एवढेच विचारते की ते कोणत्या स्टेशनवरून गाडी धरतात. पण त्या सहा तासांचा पोत बदलला आहे. जाग आली तरी ती तासभर मुक्काम करत नाही. पाणी पिऊन कूस बदलली की पुन्हा डोळा लागतो आणि गजरापूर्वीची ती अर्ध्या तासाची साखरझोप, जी मी लग्नानंतर विसरले होते, ती परत मिळाली. स्वप्नेही परतली, बहुतेक परीक्षेला उशीर झाल्याची.

जे सुधारले नाही तेही लिहिले पाहिजे. महिन्यातल्या काही रात्री अंगातून वाफा निघून गाऊन भिजतो आणि जाग येते. त्यावर भाकरीची वा चालण्याची मात्रा चालत नाही. पंखा वाढवणे आणि सुती चादर हाताशी ठेवणे एवढाच उपाय मी करते. आणि एक गोष्ट मला उलट्या क्रमाने कळली. आहारामुळे झोप सुधारली असे मी सगळ्यांना सांगत होते, पण वही पाहता ज्या दिवशी रात्रीची झोप पाच तासांच्या खाली गेली आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी चार-साडेचारला मी कुणाच्या तरी टेबलावरचे फरसाण खाल्ल्याची नोंद हमखास आहे. अपुऱ्या झोपेने भूक चाळवणारे घ्रेलिन वाढते आणि पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन घटते, हे मी नंतर वाचले. मे महिन्यापासून फरसाण सुटले ते माझ्या मनोनिग्रहाने नव्हे. रात्री झोप लागू लागली होती म्हणून.

सध्या मार्चअखेर चालू आहे. विमा कंपनीच्या हिशेब खात्यात या महिन्यात घड्याळ पाहायचे नसते. दुसरा डबा मी अजून सहालाच खाते, मावशींनी माझी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवलेली असते. पण निघायला नऊ वाजतात, डोंबिवलीला उतरायला साडेदहा, आणि त्या वेळी अडीच किलोमीटर चालण्याचे त्राण नसल्याने शेअर रिक्षा. काल दिवा घालवला बारा वाजून वीस मिनिटांनी, जाग तीन दहाला, गुण पाचपैकी दोन. शेवटच्या रकान्यात लिहिले आहे: संध्याकाळी सातला कोरा चहा, एक कप.